शेडखालची बोअर

पाण्याचा सर्वे करणारा माणूस आधी स्वतःच्या अंगावरचं लोखंड उतरवतो. पट्टा, किल्ल्या, घड्याळ, सगळं. नाहीतर यंत्र जमीन सोडून त्यालाच मोजतं. म्हणून मी ढिली पँट सावरत ताईच्या रोपवाटिकेत फिरत होतो, आणि यंत्रावरचे आकडे चढत होते. बांबूच्या शेडजवळची जमीन वीज फारच सहज वाहून नेत होती. म्हणजे खाली खारं पाणी.

"ताई, इथे बोअर नको," मी म्हणालो. "ते पाणी घातलंस तर एक रोप जगणार नाही."

दाजी गेल्यापासून ती एकटीच सगळं बघत होती, आणि विहीर आटत आली होती. "मग विकून टाकते," ती म्हणाली आणि कुंडीतलं तण काढत राहिली. तिचा तो शांतपणा मला सोसला नाही.

दुपारी मी पुन्हा मोजलं. शेडपाशी आकडा भलताच चढायचा, वीस पावलांवर एकदम उतरायचा. खारं पाणी एवढ्याशा जागेत मावत नाही. खाली लोखंड होतं, उभं आणि खोल गेलेलं.

"शेडखाली काय आहे गं?"

"ह्यांनी मारलेली बोअर," ती म्हणाली. "पाणी लागलं नाही. आत उतरवलेला केसिंगचा साठ फुटी लोखंडी पाइप निघेना, तेव्हा वरून कापला, माती ओढली आणि वर ही शेड घातली. कुणाला सांगू नकोस म्हणाले. तुला तर मुळीच नाही."

ताकाला जाऊन भांडं लपवलंस, असं मी सुनावणारच होतो. "मलाच का?"

"सर्वे न करता बोअर मारतो तो अडाणी, असं तूच म्हणाला होतास. जेवताना, सगळ्यांसमोर."

मला आठवतही नव्हतं. परक्या गिऱ्हाइकाला मी पहिला प्रश्न हाच विचारतो, जुनी बोअर आहे का? ताईला विचारला नव्हता, घरचीच जागा म्हणून. आणि दाजींनी माझ्या जिभेला भिऊन साठ फूट लोखंड पुरून ठेवलं होतं. मला स्वतःची लाज वाटली.

शेडपासून शंभर पावलांवर, लिंबाच्या रोपांपलीकडे, आकडे सरळ आले. गोडं पाणी मिळायला हरकत नव्हती. ताईला तसं सांगितलं तेव्हा ती हातातलं तण टाकून माझ्याजवळ आली.

मग मी नकाशावर शेडपाशी खूण केली. ती वाकून बघत होती.

"काय लिहितोयस?"

"कोरडी बोअर."

"कोरडी नको लिहूस रे."

मी ते खोडलं आणि लिहिलं, 'दाजींची बोअर'.