मिस्त्रींची लाल वायर

सुताचं जुनं गोदाम. कंपनीने ते विकत घेतलं, आतून चुना मारला, लोखंडी खांबांना काळा रंग दिला आणि जाहिरातीत त्याला 'लॉफ्ट' म्हटलं. उंच छत, भिंतभर खिडक्या, हवेशीर घरं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी त्या इमारतीची गत होती. खिडक्या उघडत नसत, छत गळत असे आणि एका मजल्याला चोवीस पायऱ्या चढाव्या लागत. लिफ्ट होती एकच, गोदामाच्या काळातली, मालाची.

इमारतीची व्यवस्था कंपनीच्या एका साहेबाकडे होती. शहराच्या दुसऱ्या टोकाला त्याचं ऑफिस होतं. तिथून तो उंटावरून शेळ्या हाकत असे. कसलीही तक्रार नेली की तो मान डोलवून "बघूया" म्हणायचा, म्हणून सगळे त्याला बघूया साहेब म्हणत. नळाला गंजलेलं पाणी येतं, बघूया. जिन्याचा कठडा हलतो, बघूया. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टसमोरचा दिवा गेला तेव्हाही त्याने बघूया म्हटलं होतं, त्याला चार महिने झाले. तो दिवा एवढ्या उंचावर होता की कंपनीच्या शिडीशिवाय तिथे कुणाचा हात पोचत नव्हता, आणि शिडी कंपनीच्या कुलपात.

पाचव्या मजल्यावर मिस्त्री राहत. चाळीस वर्षं त्यांनी लिफ्टा दुरुस्त केल्या होत्या आणि निवृत्त होऊन अशा इमारतीत येऊन पडले होते, जिथली एकच लिफ्ट धड चालत नव्हती. नशिबाची थट्टा म्हणायची ती हीच. एरवी त्यांनी ती हसून सोडली असती. पण त्यांच्या बायकोच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा तिला डायलिसिसला न्यावं लागे. एकशे वीस पायऱ्या तिच्याने उतरवत नव्हत्या, आणि दवाखान्याची एक खेप चुकली तर काय होतं ते डॉक्टरांनी दोघांनाही नीट सांगितलं होतं.

लिफ्टचा रोग मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी ओळखला. तिसऱ्या मजल्यावरच्या दाराचं लॉक झिजलं होतं. लिफ्ट तिथे नसतानाही दार ओढलं की उघडायचं, आणि दार घट्ट बसत नसल्याने त्यातला विजेचा कॉन्टॅक्ट लागत नव्हता. दार उघडं आहे असं समजून लिफ्ट जागची हलायची नाही. एक लॉक बदललं की काम झालं असतं. मिस्त्रींनी अकरा आठवड्यांत अकरा अर्ज लिहिले, लॉकचं चित्र काढून दिलं, मापं दिली. बघूया साहेबाने ती कागदपत्रं फायलीला लावली आणि वर बजावलं, "मिस्त्री, तुम्ही मशीनला हात लावायचा नाही हां. रहिवाशाने हात लावला तर घर खाली करावं लागतं, करारात आहे."

मग इमारतीने आपली रीत काढली. तिसऱ्या मजल्यावर एक शिक्षिका एकट्या राहत. सगळे त्यांना बाई म्हणत. डायलिसिसच्या दिवशी मिस्त्री जिन्यातून हाक मारत आणि बाई बाहेर येऊन त्या दाराला गुडघा लावून उभ्या राहत. दार दाबलेलं असेतो कॉन्टॅक्ट लागायचा आणि लिफ्ट मिस्त्रींच्या बायकोला घेऊन खाली उतरायची. दुपारी परत तेच. बाई एका हाताने वह्या तपासत उभ्या असायच्या. "माझा गुडघा कंपनीच्या नोकरीत लागलाय," असं म्हणायच्या.

त्या दिवशी बाईंची परीक्षेची ड्यूटी होती, पहाटेच गेल्या होत्या. बाकीची दारं बंद. बायको कपडे करून खुर्चीत बसलेली, पाय सुजलेले, श्वास वर लागलेला. मिस्त्री गच्चीवरच्या मशीन रूममध्ये गेले. तिथल्या कुलपाचाही पत्ता नव्हता.

हत्यारांच्या पेटीतून त्यांनी लाल वायर काढली. वीतभर तुकडा तो. कॉन्टॅक्टच्या दोन टोकांना ती जोडली की लिफ्टला वाटतं सगळी दारं बंद आहेत, मग ती उघडी असोत की नसोत. काम करताना तपासणीपुरती ती जोडायची आणि लगेच काढायची. ती लिफ्टमध्ये विसरली म्हणून मिस्त्रींनी आपल्या हाताखालच्या दोन माणसांना घरी बसवलं होतं. स्वतःसाठीही त्यांचा एक नेम होता. लाल वायर जोडली की शेजारच्याच खिळ्याला आपल्या घराची किल्ली अडकवायची. वायर तशीच राहिली तर आपल्याच दाराशी जाऊन उभं राहावं लागेल, परत फिरावं लागेल. चाळीस वर्षं त्या किल्लीने त्यांना चुकू दिलं नव्हतं. त्या सकाळीही त्यांनी किल्ली खिळ्याला अडकवली.

डायलिसिस झालं. परत येताना बायकोचं ब्लडप्रेशर उतरलं, लिफ्टमध्येच तिने डोळे फिरवले. मिस्त्रींनी तिला धरून दारापर्यंत आणलं. तिने पर्समध्ये हात घातला आणि आपली किल्ली काढून दिली.

झालं ते एवढंच. परक्या इमारतीत काम करणारा माणूस एकटा घरी येतो. इथे बायको बरोबर होती आणि तिच्याजवळ दुसरी किल्ली होती. मिस्त्रींनी तिला निजवलं, पायाखाली उशी दिली, साखरपाणी पाजलं आणि तिचा हात हातात घेऊन बसले. तिचा श्वास सरळ झाला तसा त्यांचाही डोळा लागला.

संध्याकाळी सहाच्या सुमारास किंकाळी ऐकू आली.

बाई शाळेतून आल्या तेव्हा लिफ्ट चालू दिसली. त्या लिफ्टनेच वर गेल्या. तासाभराने परत खाली जायला निघाल्या, तोवर कुणीतरी लिफ्ट खाली बोलावली होती. अंधारात त्यांनी दार ओढलं, ते उघडलं आणि त्यांनी पाऊल टाकलं. लिफ्ट पहिल्या मजल्यावर होती. तिच्या छतावर त्या पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, मनगट मोडलं.

त्यांना बाहेर काढलं मिस्त्रींनीच, कारण लिफ्ट कशी धरून ठेवायची ते दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. रुग्णवाहिका गेली. मग ते वर गेले, वायर काढली, खिशात घातली. किल्ली खिळ्यालाच होती. तीही घेतली.

दुसऱ्या दिवशी सगळी इमारत जिन्यात जमली. सगळे संतापलेले होते, आणि खरं सांगायचं तर थोडे खूशही. बघूया साहेब आता सापडला होता. सरकारी निरीक्षक तपासायला येणार होता, आणि अकरा अर्जांच्या पोचपावत्या मिस्त्रींकडे होत्या.

"मिस्त्री, तुम्हीच बोला निरीक्षकाशी," पहिल्या मजल्यावरचा शिंपी म्हणाला. "तुमच्या तोंडून आलं की कंपनीची बोलती बंद."

मिस्त्रींनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यांनाही कळलं नाही. झिजलेलं लॉक खरं होतं, गेलेला दिवा खरा होता, अर्ज खरे होते. वायरचं कुणालाच माहीत नव्हतं. आपण गप्प राहिलो तर त्यात खोटं एक अक्षर नाही, असं ते स्वतःला दिवसभर समजावत राहिले.

गुरुवारी सकाळी चहा पिताना बायको म्हणाली, "परवा दार माझ्या किल्लीने उघडलंत. तुमची कुठे होती?"

चाळीस वर्षांचा संसार. किल्लीचा नेम तिला ठाऊक होता. मिस्त्रींनी कप खाली ठेवला आणि तिला उत्तर मिळालं.

बाई त्याच दवाखान्यात होत्या. त्या दिवशी डायलिसिस होतं. बायको खाली मशीनला लागल्यावर मिस्त्री वर हाडांच्या वॉर्डापाशी गेले, एकदा दारातूनच बघून परत फिरले. सकाळी शिंप्याने आणि त्याच्या भावाने बायकोला खुर्चीत बसवून उचलून खाली आणलं होतं, दुपारी वरही नेणार होते. मिस्त्री पुन्हा वळले आणि वॉर्डात आत गेले.

"या मिस्त्री," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "माझीच चूक हो. आयुष्यभर पोरांना सांगत आले, बघून पाऊल टाका. मला वाटलं, लिफ्ट चालतेय म्हणजे दुरुस्त झाली शेवटी. दार उघडलं म्हणजे लिफ्ट असणारच. मी बघितलंच नाही." मग उशीखालून एक कागद काढला. "तुमचे बघूया साहेब येऊन गेले. फुलं घेऊन. न बघता पाऊल टाकलं असं लिहून दिलं तर प्रकरण लवकर मिटेल म्हणाले. उद्या सही करते. खोटं तर काही नाही त्यात."

मिस्त्री स्टुलावर बसले.

"बाई, लिफ्ट दुरुस्त झाली नव्हती. मी वायर टाकली होती. हिला न्यायचं होतं. काढायला विसरलो."

बाईंनी मान त्यांच्याकडे वळवली. म्हणाल्या, "मला एक चिठ्ठी का नाही लावलीत दारावर?"

चार शब्दांची चिठ्ठी. मिस्त्रींना सुचलीच नव्हती, कारण कुणी यायच्या आत आपण वायर काढणार याची त्यांना खात्री होती.

"जा तुम्ही आता," बाई म्हणाल्या. कागद त्यांनी उशीखाली ठेवला नाही, खाली टाकला. मिस्त्रींनी तो उचलून कचऱ्याच्या डब्यात घातला आणि ते बाहेर आले.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. निरीक्षक दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी येणार होता. वायरचं कळलं की लिफ्टला सील लागणार, महिना की सहा महिने कोण जाणे. करार मोडला म्हणून घरही जाईल. शिंप्याचा भाऊ आला होता चार दिवसांसाठी, तो त्याच रात्री परत जाणार होता.

"गप्प राहिलो तर महिन्याभरात नवीन लॉक बसेल," मिस्त्री म्हणाले. "तुझी सोय होईल गं."

बायको खिडकीशी बसली होती. "माझ्या सोयीपायी ती बाई पडली," ती म्हणाली. "आता तिने जन्मभर स्वतःला दोष द्यायचा, तोही माझ्याच सोयीपायी? सांगून टाका."

शुक्रवारी निरीक्षक आला. किडकिडीत, कमी बोलणारा माणूस. त्याने लॉक बघितलं, अर्ज वाचले, दिव्याकडे टॉर्च मारला. बघूया साहेब घाम पुसत उभा होता. मिस्त्री पुढे झाले आणि खिशातून लाल वायर काढून त्यांनी निरीक्षकाच्या हातावर ठेवली.

बघूया साहेबाचा चेहरा खुलला. "बघा! मी सांगत होतो ना, रहिवासी मशीनला हात लावतात!"

"वायर किती वेळ होती?" निरीक्षकाने विचारलं.

"एक दिवस."

"आणि लॉक?"

"अकरा आठवडे."

निरीक्षकाने दोन्ही लिहून घेतलं. पडलेल्या बाईंचा दोष नाही, हेही मिस्त्रींनी त्याच्याकडून लिहवून घेतलं आणि वाचून बघितलं. मग लिफ्टच्या दारांवर खालपासून वरपर्यंत सील लागलं.

"चोर सोडून संन्याशाला फाशी," शिंपी पुटपुटला. "आणि संन्यासी स्वतःच दोर घेऊन गेला. कंपनी आता तुमच्याकडे बोट दाखवून सुटणार, मिस्त्री. आमचं काय?" बाकीचे आपापल्या घरात गेले. त्यांचंही चुकलं असं कोण म्हणेल?

शनिवारी डायलिसिस होतं. मिस्त्रींनी कुणाला हाक मारली नाही. बायको म्हणाली, "मी उतरते." एका हाताने तिला धरून, दुसऱ्या हातात घडीची खुर्ची घेऊन ते निघाले. सहा-सात पायऱ्या झाल्या की खुर्ची मांडायची, तिने बसायचं, दम खायचा. चौथा मजला. तिसरा मजला, बाईंच्या दाराला कुलूप होतं. दुसऱ्या मजल्यावर तिने पंधरा मिनिटं डोळे मिटून घेतले. पहिल्या मजल्यावर शिंप्याचं दार किलकिलं झालं आणि परत लागलं.

तळाशी पोचायला सव्वा तास लागला. रिक्षा उभी होती. मिस्त्रींना भरून आलं. "जमलं की गं," ते म्हणाले. "दुपारी सावकाश चढू. पाहिजे तर संध्याकाळ होऊ दे."

बायकोने त्यांचा हात धरला. "उतरायचं तेवढं अंगात होतं, ते संपलं," ती म्हणाली. "मी दवाखान्यातून ताईकडे जाते. तिचं घर तळमजल्यावर आहे. एकच खोली आहे, दोघांना जागा नाही."

"अगं, पण..."

"तिला गुरुवारीच कळवलंय. पलंगाखाली माझी पिशवी भरून ठेवलीय, तेवढी घेऊन या. मी थांबते इथे."

सांगून टाका, असं ती म्हणाली होती तो दिवस गुरुवारच होता. मिस्त्रींनी खुर्ची तिच्याजवळ ठेवली आणि ते पायऱ्या चढायला लागले.