दादाने ऐकलेली पुस्तकं

आमच्या प्रकाशनाचं कुठलंही पाठ्यपुस्तक बाजारात जाण्याआधी मी संपादन करून त्याची फाइल दादाला पाठवते. दादा माझा थोरला भाऊ. शाळेत इतिहास शिकवतो आणि त्याला दिसत नाही. त्याचा संगणक पुस्तक मोठ्याने वाचतो. वाचताना तो कुठे अडखळला, ते दादा मला कळवतो. बारा वर्षांत त्याने बहीण म्हणून एकही चूक पोटात घातलेली नाही.

या वेळी दहाव्या मिनिटाला फोन आला. "छोटे, पुस्तक मुकं झालंय गं."

मालकांनी नवी कुलूपबंद फाइल आणली होती. ती फक्त आमच्याच ॲपमध्ये उघडायची, आणि दादाच्या संगणकाला त्यातलं अक्षरही वाचता येईना. मी तडक केबिनमध्ये गेले.

"तुमच्या भावाला वेगळी प्रत देऊ की," मालक म्हणाले.

"आणि बाकीच्यांच्या भावांना?"

"सगळंच खुलं ठेवलं तर आपलं ॲप कोण विकत घेईल? उद्या समितीत विरोधात हात वर करा आणि विषय संपवा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. समिती सगळ्या प्रकाशकांची. पुस्तक कुठल्याही यंत्रात उघडलं पाहिजे, नाहीतर शाळांनी ते घेऊ नये, असा नियम मताला येणार होता. प्रत्येक प्रकाशनाचं एक मत, तेही नेमलेल्या प्रतिनिधीनेच द्यायचं. आमची प्रतिनिधी मी, आणि माझ्या नेमणुकीच्या पत्रावर मालकांनी वर्षानुवर्षं न वाचता सही केली होती.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच माझ्या शेजारी येऊन बसले. अध्यक्षबाईंनी विचारलं, "विरोधात?" मालकांनी कोपराने ढोसलं. मी हात मांडीवरच ठेवला.

"बाजूने?"

मी हात वर केला. आई असती तर म्हणाली असती, हात दाखवून अवलक्षण. म्हणू दे.

"खाली घ्या तो," मालक दात आवळून म्हणाले. "उद्यापासून कामावर येऊ नका."

"उद्याचं उद्या. आज मी प्रतिनिधी आहे," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, आणि अध्यक्षबाईंनी माझा हात मोजला.

नियम मंजूर झाला. जिन्यातच मी दादाला फोन लावला. "नोकरी गेली रे."

त्याने लगेच विचारलं, "आणि पुस्तक?"

"बोलणार."

"मग मालकांना सांग, फाइल आता थेट माझ्याकडे पाठवा. त्यातल्या तुझ्या चुका दुसऱ्या कुणाला सापडणार आहेत?"