न छापलेलं पान

तपासणीचं यंत्र तिसऱ्यांदा वाजलं तशी शिवप्रियानं दोन्ही हातांनी गळा झाकून घेतला.

"आत काय हाय गं?" यंत्र धरलेल्या बाईंनी विचारलं.

"लिंग हाय. चांदीच्या डबीत."

"काढ. ठेव तिथं टेबलावर."

टेबलावर पट्टे होते, किल्ल्या होत्या, मनगटावरून कापून काढलेले लाल-काळे दोरे होते, आणि एका कोपऱ्यात कुणाची तरी चप्पलसुद्धा. शिवप्रियानं त्या ढिगाकडं पाहिलं आणि मान हलवली.

"असं कुठंबी ठेवत न्हाईत ते."

"मग बाहेर कुणाकडं तरी देऊन ये."

"दुसऱ्याच्या हातातबी देत न्हाईत."

फाटकाबाहेर बांधलेल्या दोरीला पोट टेकून उभे असलेले बालाजीसर हे सगळं ऐकत होते. एक वाजून सात मिनिटं झाली होती. त्यांची पाच पोरं आत गेली होती. मुरुमला घराच्या पुढच्या खोलीत दोन वर्षं त्यांनी या सहाजणांना मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी शिकवलं होतं. सहाच, सातवं घ्यायचं नाही हा त्यांचा नियम. आणि सहांपैकी जिच्यावर त्यांची सगळी भिस्त होती ती फाटकाच्या आत पण शाळेच्या बाहेर, अशी मधल्या तापल्या फरशीवर उभी होती.

*सूचना १. उमेदवाराने प्रवेशपत्राची छापील प्रत सोबत ठेवावी.*

ठेवली होती. सहाही प्रवेशपत्रं सरांनीच छापून आणली होती. फॉर्मही त्यांनीच भरले होते, सहाजणांचे, एका बैठकीत. पासवर्ड त्यांच्या डायरीत. पोरांनी अभ्यास सोडून कशात डोकं घालायचं नाही, बाकी सगळं माझ्याकडं, असं त्यांनी पहिल्याच दिवशी पालकांना सांगितलं होतं. मोठ्या क्लासात एकेका हॉलमध्ये दीडशे पोरं कोंबतात, शिकवणाऱ्याला पोराचं नाव माहीत नसतं. इथं कालची झोप किती झाली हेसुद्धा सरांना माहीत असायचं. याच विश्वासावर लोक लातूरची वाट सोडून त्यांच्या खोलीत पोरं पाठवत होते.

*सूचना २. अंगावर कोणताही दागिना नसावा.*

नळदुर्ग मागं पडल्यावर सरांनी जीपमध्येच झडती घेतली होती.

"कान. नाक. गळा. हात. पाय."

ते एकेक नाव घेत गेले आणि पोरी एकेक जिन्नस काढत गेल्या. शिवप्रियानं बाळ्या काढल्या, पैंजण काढले, केसांतल्या पिना काढल्या.

"सर, माझ्या दाढंत चांदी भरलीय," मागच्या सीटवरून शंभुलिंग म्हणाला. "ती बी काढू का?"

"तू तोंड मिटून बस, आपोआप झाकंल. बाकी कुणाकडं आणखी काही?"

"न्हाय सर," शिवप्रिया म्हणाली.

ती खोटं बोलली नव्हती. बारशाच्या आधी जे गळ्यात आलं, ते तिच्या लेखी दागिना नव्हतं. झोपेत, आजारपणात, शाळेत ते तिथंच होतं. हाताला पाच बोटं आहेत असं कुणी यादीत सांगत नाही. सरांचं म्हणाल तर तेही मुरुमातच वाढलेले. लिंगायतांचा तो दोरा त्यांनी इतक्या गळ्यांत पाहिला होता की तो त्यांना दिसायचाच बंद झाला होता.

*सूचना ३. दुपारी दीड वाजता फाटक बंद होईल. कोणतीही सबब ऐकली जाणार नाही.*

"ए, इकडं ये," सरांनी फाटकावरच्या पहारेकऱ्याला हाक मारली. पन्नाशीचा माणूस, ढगळ निळा शर्ट, खिशावरच्या पट्टीवर नुसतं 'गोरोबा'. "काय लावलंय हे? परीक्षा घ्यायलात का धर्म बाटवायलात?"

"सर, यंत्र वाजलं की आत सोडता येत न्हाय. माझ्या हातात काय न्हाय."

"कुणाच्या हातात हाय मग? बोलव त्याला."

"साहेब वर पेपरची पेटी ताब्यात घ्यायलेत."

"पोरींच्या बाह्या कापल्या तुम्ही कात्रीनं, चारचौघांदेखत. सावलीला मंडप न्हाय, प्यायला पाणी न्हाय, आणि वरून हा माज. अठरा वर्षांची पोर हाय ती. दोन वर्षं धड झोपली न्हाय. एका डबीपायी वर्ष घालवतो का तिचं?"

मागं पालक जमायला लागले. "बरोबर हाय सरांचं," कुणीतरी म्हणालं. सरांचा आवाज आणखी चढला. राग खरा होता. बाह्या खरंच कापल्या होत्या. कापलेल्या कापडाचे तुकडे अजून फरशीवर पडलेले होते, आणि दंड झाकत पळालेल्या दोन पोरी त्यांनी स्वतः पाहिल्या होत्या.

"सर," गोरोबा म्हणाला, "साडेबाराच्या आत आणलं असतं तर निवांत झालं असतं सगळं. सकाळपास्नं तिघी गेल्या की आत. एकीचं असंच लिंग होतं, दोघी बुरख्यातल्या."

"मला नियम शिकवतो? फॉर्म मी भरलेत."

गोरोबानं फाटकाच्या खांबाला चिकटवलेल्या कागदाकडं बोट केलं.

*सूचना ४. धार्मिक श्रद्धेची वस्तू अंगावर असणाऱ्या उमेदवारांनी सविस्तर तपासणीसाठी साडेबारापूर्वी हजर राहावे. तपासणीनंतर वस्तू सोबत ठेवू दिली जाईल.*

कागदाच्या डोक्यावर 'पान दोन' असं छापलं होतं.

प्रवेशपत्राचं दुसरं पान. झेरॉक्सवाल्यानं विचारलं होतं, दोन्ही पानं काढू का म्हणून. दुसऱ्यावर नुसत्या सूचना असतात, त्या मला पाठ आहेत, असं सर म्हणाले होते. पाठ होत्याच. मागच्या वर्षीच्या.

आणि ते अकरा वाजताच पोचले होते. अकरापासून एकपर्यंत समोरच्या लिंबाखाली त्यांनी पोरांना बसवून ठेवलं होतं, दहीभात खाऊ घातला होता. आधी आत जाऊन घाबरत बसायचं नाही, ही त्यांची पद्धत.

एक वाजून सतरा मिनिटं.

सरांनी कागदावरची नजर खाली घेतली. मागच्या पालकांना वाटलं, सरांना भरून आलं.

गोरोबा आत गेला आणि त्या बाईंशी हळू काहीतरी बोलला. बाईंनी मान हलवली, नाही अशी. तो पुन्हा बोलला. मग बाई शिवप्रियाला पडद्यामागं घेऊन गेल्या. पडद्याखालून चार पावलं तेवढी दिसत होती. यंत्र एकदा वाजलं. मग बराच वेळ काही नाही. पडदा बाजूला झाला तेव्हा शिवप्रियाच्या गळ्याशी पांढऱ्या रुमालाची गाठ होती. रुमाल तिचा नव्हता. मागं न बघता ती पायऱ्यांकडं धावली.

गोरोबा ओंजळीत काहीतरी धरून दोरीपाशी आला. रिकामी चांदीची डबी.

"लिंग तिच्याजवळच हाय सर, रुमालात. दगडाला यंत्र वाजत न्हाय. ही डबी तेवढी सांभाळा." मग त्यानं आवाज खाली आणला. "वेळ टळल्यावर सोडलंय. साहेबांना कळलं तर मलाच विचारतील. जरा गप ऱ्हावा."

सरांनी डबी खिशात ठेवली.

*सूचना ५. पालकांनी केंद्राबाहेर गर्दी करू नये.*

गर्दी झालीच. दीडला फाटक बंद झालं आणि बोलायला एकच विषय उरला. राजशेखर नावाचा एकजण मोबाइल आणि माइक घेऊन आला. त्याचं स्वतःचं बातम्यांचं चॅनल होतं.

"सर, तुमच्या विद्यार्थिनीवर अन्याय झाला म्हणं. दोन शब्द बोला."

चाळीसेक डोळे सरांकडं लागले होते. त्यांतले काही पुढच्या वर्षीच्या पोरांचे बाप होते.

सर जे बोलले ते:

बाह्या कापल्या. सावली नाही. पाणी नाही. पोरीचं लिंग किल्ल्यांच्या ढिगात टाकायला सांगितलं. पोर तापल्या फरशीवर उभी होती. आम्ही भांडलो म्हणून ती आत गेली.

सर जे बोलले नाहीत ते:

पान दोन. अकरा वाजता. रुमाल.

"कोण होतं ते?" राजशेखरनं मोबाइल फाटकाकडं वळवला. गोरोबानं तोंडासमोर हात धरला. "हेच का?"

"फाटकावर हेच होते," सर म्हणाले.

हेही खरंच होतं.

अडीचच्या सुमाराला शिवप्रियाच्या वडिलांचा, गुंडप्पांचा फोन आला. त्यांचं मुरुमला भुसाराचं दुकान. आवाजामागं पोत्यांची आदळआपट ऐकू येत होती.

"सर, व्हिडिओ बघितला. सगळ्या बाजारात फिरायलाय. तुम्ही होता म्हणून निभावलं. मोठ्या क्लासवाला कोण उभा ऱ्हायला असता हो उन्हात?"

"तसं न्हाय, गुंडप्पा. खरं म्हणजे..."

"ऱ्हाऊ द्या, तुमचा सोभाव म्हाईत हाय मला. धाकट्यालाबी तुमच्याकडंच घालतो. जागा धरून ठेवा."

"हं," सर म्हणाले.

*यापुढच्या सूचना सरांनी वाचल्या नाहीत.*

पाचला वीस मिनिटं कमी असताना ते टपरीवरून चहाचे दोन कप घेऊन फाटकाकडं निघाले. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. निदान नाव घेऊन हाक मारायची, एवढं ठरलं होतं. अहो गोरोबा, चहा घ्या.

फाटकावर तोच निळा शर्ट होता. माणूस दुसरा होता.

"मघाचे कुठं गेले?"

"गोरोबा? घरी लावून दिलं साहेबांनी. व्हिडिओ आला न्हवं का. उद्यापास्नं येऊ नको म्हणले." बोलता बोलता त्यानं सरांना निरखलं आणि तो खुर्चीवरून उठला. "अन् तुम्हीच की ते. बरं झापलं सर. कुणीतरी बोलायलाच पायजे या लोकांला."

"त्यांचा नंबर हाय का तुमच्याकडं?"

"न्हाय बा. ठेकेदाराकडं असंल. कशाला, केस करता का काय?"

"न्हाय. असंच."

त्यानं खुर्ची फाटकाच्या सावलीत ओढली आणि हातानं पुसली.

"बसा सर. अजून वीस मिनिटं हायत."

"नको," सर म्हणाले. एक कप त्यांनी त्याला दिला. दुसरा हातात धरून ते उभे राहिले. चहावर साय धरली. खांबावरचा कागद एका कोपऱ्यातून सुटून वाऱ्यावर फडफडत होता. पहारेकऱ्यानं तो अंगठ्यानं दाबून पुन्हा चिकटवला. ऊन अजून उतरलं नव्हतं.

थोड्या वेळानं सर बसले.