राखीव सोफा

मी पुढच्या रांगेतला सोफा बोलतोय. उभ्यानेच ऐका, बसणाऱ्यांचा मला वीट आलाय.

कसबा पेठेत पोपटशेठ मांडववाल्याकडे माझा जन्म झाला. एकट्यालाच पुरेल एवढा, वर लाल मखमल, आत काथ्या आणि भुसा. म्हणजे ज्यांच्यासाठी बनवलं, हुबेहूब त्यांच्यासारखा.

लग्नं पाहिली, सत्कार पाहिले. पण मैफलीत पुढे बसणाऱ्यांइतकी नालायक जमात दुसरी नाही. फुकटच्या पासावर येतात, तेही उशिरा. गायक आलाप घेतोय आणि हे मागे वळून कोण कोण आलंय ते बघतात. जिवंत गाणं दहा हातांवर चालू असताना ते फोनच्या पडद्यात पाहतात. काही डोळे मिटून मान डोलावतात. लोकांना वाटतं, तल्लीन झाले. घोरणं आधी मला कळतं.

गेल्या डिसेंबरात एका शाळेच्या मैदानावर संगीत महोत्सव होता. माझ्यावर चिठ्ठी लागली, 'राखीव : आप्पासाहेब'. ते प्रायोजक. गायिका मंचावर येऊन बसली, तरी यांचा पत्ता नाही.

तेवढ्यात काठी टेकत शैलाबाई आल्या. मंडईत पालेभाजी विकतात. सोबत मुलगी निकिता, हिंजवडीत नोकरीला. तिने आईसाठी भारतीय बैठकीची तिकिटं काढली, तेव्हा आईचा गुडघा धड होता. मग ऑपरेशन झालं. आता खाली बसता येईना, आणि खुर्च्या सगळ्या भरलेल्या.

"हा राखीव आहे," श्रीधर नावाचा कार्यकर्ता म्हणाला.

"मग साहेब येईपर्यंत काय लाकडाला गाणं ऐकवताय?" निकिताने विचारलं.

"मॅडम, नियम आहे."

"चल गं, घरी जाऊ," शैलाबाई म्हणाल्या. "गाळ्यावर मोबाइलवर ऐकतेच की रोज हिला."

श्रीधर जरा वरमला. "बसा. पण ते आले की उठायचं हं."

शैलाबाई टोकाला टेकल्या, बसमध्ये विनातिकीट बसल्यासारख्या. निकिता माझ्या पायाशी जाजमावर बसली. आलं आणखी एक ध्यान, मी मनात म्हटलं.

गाणं सुरू झालं. थोड्या वेळाने त्या हळूच म्हणाल्या, "निके, बाई श्वास घेते ते ऐकू येतंय गं! मोबाइलवर कधी आलं नाही."

मग त्यांची बोटं माझ्या हातावर ठेका धरू लागली. दर समेला एक थाप. ती आत काथ्यापर्यंत पोचली. पंधरा वर्षं मी गाण्याकडे तोंड करून होतो, आणि फक्त माणसांची लायकी मोजत होतो. गाणं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. स्वतःचीही थोडी किळस आली.

द्रुत रंगात आलं असताना आप्पासाहेब उगवले. श्रीधर वाकून म्हणाला, "आजी, उठा."

"उठते हो. एवढी सम येऊ द्या." त्यांनी काठी चाचपली. बोटं मात्र ठेका सोडेनात.

आप्पासाहेब फोन कानाला लावून ऐन मध्ये उभे. मागून आवाज आला, "अहो, आपण पारदर्शक नाही आहात! बसा!" मग सगळा मांडवच ओरडला, "खाली बसा!"

आप्पासाहेब मटकन जाजमावर बसले, पोट मांडीवर घेऊन.

शैलाबाई उठायला लागल्या, तर त्यांनी हातानेच खुणावलं, बसा. मोठेपणा म्हणून नव्हे. पुन्हा उभं राहायची छाती नव्हती. पण फोन त्यांनी खिशात टाकला. पाठीला टेकू नसल्यामुळे झोपही येईना. बिचाऱ्यांना गाणं ऐकावं लागलं.

भैरवी संपली. सगळीकडे टाळ्यांचा कडकडाट. शैलाबाई मात्र हात मांडीवर ठेवून, तोंड किंचित उघडं टाकून मंचाकडे बघत राहिल्या.

"आई, निघूया?" निकिता म्हणाली.

"थांब गं," त्या म्हणाल्या, "अजून आत चालूच आहे."

यंदा पोपटशेठने पांढरे सोफे आणलेत. माझा पाय निखळलाय. मी गोदामात पडून आहे. सहानुभूती नको, ती सत्काराच्या भाषणांसाठी ठेवा. एवढंच सांगतो. पुढच्या रांगेचा पास फुकट मिळाला आणि ऐकायचं नसेल, तर घरीच झोपा. तिथली गादी माझ्यापेक्षा नक्की मऊ आहे.