हाजी बोझानची हनुवटी

उत्तर सीरियातल्या कोबानीजवळच्या आमच्या गावात कम्यूनची, म्हणजे गावसभेची, बैठक भरली होती. सहअध्यक्ष नाझदारला आज एका जागी बसवतच नव्हतं. गुलचीनचा नवरा लढाईत मारला गेला होता आणि दीर, हाजी बोझान, तिला घराबाहेर काढायला टपला होता. घर तिच्याकडेच राहावं असा ठराव होता, पण तो मंजूर व्हायला एकमत हवं होतं.

हे एकमताचं खूळ जर्मनीहून मदतीला आलेल्या लेनाचं. पूर्वी आम्ही हात वर करून बहुमताने मोकळे व्हायचो. ते तिला मागासलेलं वाटलं, आणि परदेशी बाई सांगते म्हटल्यावर आम्हीही माना डोलावल्या. भोळेपणाला आमच्याकडे तोटा नाही!

"कुणाचा विरोध?" लेनाने विचारलं.

हाजीने हनुवटी वर उडवली आणि जिभेने 'च्क' केलं. शेजारी त्याची बायको सूर्यफुलाच्या बिया सोलत खाली बघत राहिली. हा ठाम नकार आहे, हे आमचं शेंबडं पोरही सांगेल. लेनाला मात्र नुसती हललेली मान दिसली.

"एकमत!" ती टाळ्या पिटत म्हणाली. "सगळे हो म्हणाले!"

"अगं ए पोरी, मी कधी..." हाजी गडबडला.

"चहा आणा रे!" नाझदार ओरडली, आणि त्या गलक्यात हाजीचा आवाज बुडाला. तिला आनंद झाला आणि स्वतःची लाजही वाटली.

बाहेर गुलचीनने तिचा हात धरला. "ताई, त्यांची हनुवटी तू पाहिलीस ना?"

"घर मिळालं ना? मग गप बस की!"

"लेना उद्या जाईल तिच्या देशात. मला त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहायचंय. ते दारात येऊन पुन्हा 'च्क' करतील, तेव्हा मी काय दाखवू? तिच्या टाळ्या?"

नाझदार मागे वळली. ती तशीच आत गेली. लोक चपला शोधत होते.

"बसा परत! हाजीकाका नाही म्हणाले होते. मी पाहिलं आणि गप्प राहिले. चूक माझी."

लेनाचा चेहरा पडला. "म्हणजे... एकमत नाही?"

"नाही. आता आमच्या पद्धतीने होऊ दे. काका, गुलचीनकडे बघून तोंडाने सांगा."

"नाही म्हणजे नाही!" हाजी गरजला.

"बरं. घर गुलचीनचंच राहावं, असं कुणाकुणाला वाटतं? हात वर करा."

बियांची टरफलं झटकून पहिला हात वर गेला, तो हाजीच्या बायकोचा.