ऑइल पिणारी गाडी

आमच्या घरात पिणारी एकटी गाडीच होती. नवरा निर्व्यसनी, पोरगा सुपारीचं खांडही तोंडात टाकत नाही, आणि दारात उभी ही बया मात्र रोज ऑइल ढोसायची. घाटंजीला नुसतं जाऊन यायचं तरी निघताना एक डबा तिच्या घशात ओतावा लागे. मग ती निळा धूर सोडत अशी निघायची की वावरात कापूस वेचणाऱ्या बाया कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "आली वं पंजाबरावची आगगाडी!"

ऑइल ओतायचं काम माझं. आमचा क्लिनर कधीचाच सोडून गेला होता. त्या सालांत कापसाला भाव नव्हता. लोक भावाची वाट पाहत कापूस घरातच दडपून ठेवायचे, पाहुणा आला तर त्याला निजवायला जागा नसायची. आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं, आणि ते काही चांगल्या कारणानं नाही. कापूसच हलेना तर ट्रकला भाडं कुठून मिळणार? क्लिनर परवडत नाही, ड्रायव्हर ठेवायची तर बातच नको, म्हणून सत्यशीलाबाई पदर खोचून नवऱ्याच्या शेजारी बसतात, असं आम्ही गावाला सांगितलं होतं.

खरं कारण वेगळं होतं. पंजाबरावांना दिसत नव्हतं.

यवतमाळच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं आम्हा दोघांना समोर बसवून नीट सांगितलं होतं. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता, पण हा काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवायला रोज थेंब टाकायचे. समोरचं दिसेल, बाजूचं दिसणार नाही, दिवस कलला की आणखी कमी. आणि गाडी बंद करा. एवढं सगळं ऐकून पंजाबराव बाहेर आले, एसटी स्टँडवर मला चहा पाजला आणि म्हणाले, "चष्म्याचा नंबर वाढला म्हन्ते डॉक्टर." मी चहा पीत बसले. जवानीपासून स्टेअरिंग धरलेल्या माणसाला, तुम्ही आंधळे होऊन राह्यले, असं भर स्टँडवर कोणी सांगावं?

त्या दिवसापासून मी डावीकडच्या सीटवर. बंडी आली, शेळ्या आल्या, सायकलवर पोरगं आलं, की बोलायचं. दरवाजावर एक थाप म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, ही क्लिनर लोकांची रीत. ती मी शिकले. पण थकले हो. एक माणूस दोघांचं पाहतो तेव्हा त्याला पापणी मिटायची चोरी असते. माझ्या एका डुलकीत कोणाचा बैल जाईल, कोणाचं लेकरू जाईल, ही धास्ती पोटात घेऊन मी दोन सुग्या काढल्या. त्या दिवसांत मला देवाची भीती वाटत नव्हती इतकी बैलबंडीची वाटायची.

गाडी विका, असं मी रोज म्हणत होते. पण डोळ्यांचं नाव काढत नव्हते, ऑइलचं काढत होते. लेकी बोले सुने लागे, तशातली गत. गाडीला शिव्या घालायच्या आणि नवऱ्यानं समजून घ्यायचं. मला वाटे, गाडीला कंटाळून माणूस खाली उतरला तर त्याची शान राहते. डोळ्यांनी उतरवला तर काय राहतं?

"हे गाडी नोहे, वैरीन हाये वैरीन!" मी डबा आपटून म्हणायची. "इकून टाका देवीलालले."

"पाहू."

"कवा पाहू?"

"सुगी तं जाऊ दे."

देवीलाल म्हणजे घाटंजीचा जुन्या गाड्यांचा व्यापारी. एकदा येऊनही गेला होता. इंजिन चालू करायला लावलं, खिशातून कापसाचा बोळा काढला आणि सायलेन्सरच्या तोंडाशी धरला. बोळा काळा, तेलकट निघाला. "ग्रेड गेला भाऊ," असं कापसाची प्रत ठरवावी तसं म्हणून हसला आणि पडेल भाव बोलला. कमी होता, पण भाव होता. पंजाबराव म्हणाले, "पाहू." या माणसाला मरणानं हाक मारली तरी तो "पाहू" म्हणेल.

मग मी पोराला मध्ये घातलं. आमचा नयन बुटीबोरीला कंपनीत आहे, रविवारी त्याचा फोन येतो. त्यालाही डोळ्यांचं सांगितलेलं नव्हतं. बापानं सांगितलं नाही, मग मी कशी सांगू? मी ऑइलचंच रडगाणं गायले. गाडी तेल पिते, माझे हात काळे झाले, लुगड्याचा वास जात नाही, केसात धूर बसला. म्हटलं पोरगा बापाला दटावेल, गाडी विकायला लावेल.

"करतो माय काईतरी," नयन म्हणाला.

आणि केलं त्यानं. चार दिवसांनी रामलाल मिस्त्री हातात पाना घेऊन दारात उभा. नयननं परस्पर त्याला पैसे पाठवले होते, इंजिन खोलून बोर करायला, नवे पिस्टन आणि रिंग टाकायला, म्हणजे गाडीचं ऑइल पिणं बंद. "वहिनी, आता तुमचे हात काये नाही होनार," रामलाल म्हणाला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मी ओट्यावर बसून राहिले. पोराला शिव्या तरी कशा घालाव्या? त्यानं माझंच ऐकलं होतं.

आठवडाभर गाडी रामलालकडे खोलून पडली होती. घ्यायला गेलो तेव्हा त्यानं इंजिन चालू केलं, देवीलालसारखाच कापूस सायलेन्सरला धरला आणि माझ्या हातात दिला. "पाह्या वहिनी! वेचला तसा पांढरा!" मी त्या कापसाकडे पाहत राहिले आणि मला रडू आलं. रामलालला वाटलं आनंदानं रडते. पंजाबराव मात्र खरंच खूश होते. बोनेटवर हात फिरवत होते. नयनच्या बारशाला त्यांचं तोंड असं पाहिलं होतं, त्यानंतर आत्ताच.

पहिलंच भाडं घेऊन घाटंजीच्या जिनिंगला गेलो. कापूस खाली केला आणि रिकामी गाडी घेऊन निघालो तेव्हा दिवस कलला होता. जुनी गाडी कण्हत कण्हत चालायची, त्यामुळे मला हाक मारायला वेळ मिळे. आता ही सुसाट. "हळू घ्या जी," मी दोनदा म्हटलं. ते गुणगुणत होते. आणि उजव्या अंगाच्या पांदणीतून बंडी वर आली. उजवीकडून. तिकडे पंजाबराव बसलेले, त्यांच्या आडून मला दिसलं तेव्हा बैलांची शिंगंच दिसली. मी दरवाजावर थाप मारली का किंचाळले, ते मला आजही सांगता येत नाही.

गाडी थांबली. बैल बिचकून बाजूला ओढले गेले, बंडी कलंडता कलंडता राहिली. वरची गाठोडी खाली पडली, त्यातलं एक फुटलं आणि दिवसभर वेचलेला कापूस रस्ताभर पसरला.

बंडी आमच्याच गावच्या भगवानरावांची. कासरा ओढत ते खाली उतरले आणि तोंडाला येईल ते बोलू लागले. "इंजिन नवं केलं म्हून मानसं मारतं का रे पंजाब? डोये फुटले का?" बंडीवर त्यांची बायको विमलताई छातीशी हात धरून बसली होती.

पंजाबराव खाली उतरले. रस्त्यावर बसून कापूस गोळा करायला लागले. समोरचा उचलायचे, मांडीवर ठेवायचे. दोन्ही बाजूंना चांगले मूठ-मूठभर पुंजके पडले होते, पांढरेशुभ्र, काळ्या डांबरावर. ते तसेच राहात होते. पंजाबराव पुढे सरकले आणि त्यांचा गुडघा कापसावरच पडला. भगवानरावांच्या तोंडची शिवी अर्धी राहिली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान खाली घातली.

"राहू द्या भाऊ," विमलताई हळूच म्हणाली. "मी येचतो."

मी जवळ जाऊन बसले. किती दिवस गिळलेलं शेवटी बाहेर आलं. "तुमाले दिसत नाही जी. कापूस बी दिसत नाही तुमाले."

"मालूम हाये मले."

"मंग बोलले काहून नाही?"

"तू तरी कुठी बोलली?" ते हातातल्या कापसातले खडे, काड्या वेचत म्हणाले. "तू ऑइलवर बोंबलत होती, मले समजत होतं. म्या म्हणलं, बोंबलू दे. धूर होता तवाच इकाले पाह्यजे होती. लोक म्हणले असते, गाडी थकली. आता काय म्हन्तीन?"

मला त्यांचा राग आला होता, दयाही आली होती, आणि दोन्हीपेक्षा जास्त मी दमले होते. गाडी तिथेच बाजूला लावून आम्ही भगवानरावांच्या बंडीत गाठोड्यांवर बसून घरी आलो.

सकाळी पंजाबरावांनी स्वतःच देवीलालला निरोप धाडला. देवीलाल आला तेव्हा रामलालनं दारात आणून लावलेल्या गाडीभोवती बरीच माणसं जमली होती. रामलाल होता, भगवानराव होते, रिकामटेकडे तर होतेच. देवीलालनं इंजिन चालू करायला लावलं. धूर नाही. कापूस धरला, पांढरा. देवीलाल खुलायचा तर उलट त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. खाली वाकून पाहिलं, चेसीवर ठोकून पाहिलं, चाकं पाहिली, पुन्हा एकदा कापूस धरला.

"पंजाबभाऊ," तो म्हणाला, "धूर मारत होती तवा तू इकली नाही. इंजिन नवं करून कोन गाडी इकते? खोट काय हाये, सांगून दे."

रामलाल भडकला. त्याच्या कामावर बोट ठेवलं गेलं होतं. मी रात्रीच एक सबब जुळवून ठेवली होती, पोरगा आम्हाला बुटीबोरीला बोलावतो म्हणून. ती सांगायला मी तोंड उघडलं. पंजाबरावांनी हातानं मला थांबवलं.

"खोट गाडीत नाही बापा," ते म्हणाले, आणि साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "खोट माह्या डोयात हाये. मले दिसत नाही."

रामलाल हातातल्या पान्याकडे पाहू लागला. देवीलालनं डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली, आणि मग एका दमात भाव बोलला. पुरा भाव. बाजारात त्या गाडीला कोणी देणार नाही असा. हा तोच देवीलाल, जो स्वतःच्या व्याह्याशी बैलाच्या घुंगरावरून दुपारभर घासाघीस करतो. माणसं जमिनीकडे पाहत होती. मला वाटलं, चला, सुटलो, घ्या म्हणावं आणि घरी जावं.

पण मी पंजाबरावांचं तोंड पाहिलं. डॉक्टरनं सांगितलं तेव्हाही ते असं उतरलं नव्हतं.

"भाव पाड," ते म्हणाले.

"अं?"

"भाव पाड ना बे! डोये चालले माहे, जीभ नाही गेली. सौदा कर सौद्यासारखा!"

देवीलालनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग त्यानं घसा साफ केला, टायरला लाथ मारली, हे टायर का चपला, असं म्हणाला, आणि देव त्याचं भलं करो, असा काही भाव पाडला की पंजाबराव त्याच्या अंगावर धावून गेले.