बेहड्याखालची

इंदुताई देवघरातल्या घंटेच्या लोलकाला चिंधी गुंडाळत होत्या. कुकरची शिट्टी त्यांनी सकाळीच फडताळात टाकली होती आणि वरण पातेल्यात शिजायला ठेवलं होतं. नातीच्या कानावर मोठा आवाज पडायचा नाही आणि तिनं धावायचं नाही, असं नागपूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं.

समीक्षा तेरा वर्षांची. पंधरा दिवसांपूर्वी शाळेच्या मैदानावर पळता पळता कोसळली, नेमकी घंटा झाली तेव्हाच. सरांनी छाती दाबून दाबून तिला परत आणलं. आता ती चुलीपाशी, वरण ढवळणाऱ्या आजीजवळ पाटावर बसून, दवाखान्यातून आणलेल्या कागदाच्या पाठीवर चित्र काढत होती.

"आजी, आपलं अंग बारीक बारीक पेशींचं असते. हरेक पेशीले पातळ पापुद्रा, अन् त्या पापुद्र्यात दारं. सोडियमचं वेगळं, पोटॅशियमचं वेगळं. सोडियम आत आलं, पोटॅशियम बाहेर गेलं का त्याची वीज होते. त्याच्यावर ठोका पडते."

"अन् तुह्यात काय बिघडलं?"

"एक दार वेळेवर काम करत नाही. कोणाचं धावल्यावर अडते, कोणाचं झोपेत, कोणाचं एकदम दचकल्यावर. मंग हृदय ठोका सोडून नुसतं थरथरते. माहं कोणतं दार, ते समजलं का औषध ठरते."

इंदुताईंच्या हातातला डाव वरणात तसाच राहिला.

"दचकल्यावर बी माणूस जाते?"

"जाते."

तेवीस वर्षं इंदुताईंनी एका भुतावर दिवस काढले होते. थोरली लेक सुरभी सोळाव्या वर्षी, भर दुपारी, जवारीच्या वावरात मचाणावर एकाएकी वारली. अंगावर ओरखडा नाही, साप नाही, ताप नाही. वावराच्या कडेला, धुऱ्यावर, बेहड्याचं झाड होतं. गावानं तिथली बाई पोरीला लागली असं ठरवून टाकलं. गावाचं तोंड कोण धरणार? इंदुताईंनी ते धरलं नाही, उलट दरवर्षी त्या दिवशी झाडाखाली नारळ ठेवला. वाऱ्यानं पानं हलली की पदर कानावर ओढून घ्यायच्या. भीती वाटायची, पण त्या भीतीचा आधारही होता. लेक कुणीतरी नेली होती ना!

समीक्षाचा बाप, इंदुताईंचा मुलगा रवी पाण्याचा स्टीलचा पेला घेऊन आत आला. सुरभी गेली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता आणि त्या दुपारी शाळेत होता.

"डॉक्टरचा फोन आलता. हे दुखणं घराण्यात उतरते म्हणे, म्हणून ताईच्या वेळी काय झालं, ते त्यायले पाह्यजे. समीक्षा, लिही."

"आत्याबाई धावत होती काय, बाबा?"

"मचाणावर कोण धावते? पाखरं राखत बसली होती."

"मोठा आवाज झालता?"

"कोण करन? एकटीच होती. डोळा लागला असन." त्यानं कागदाकडे बोट केलं. "झोपेत गेली, असं लिही."

समीक्षानं पेन्सिल टेकवली. इंदुताई त्या पेन्सिलीकडे बघत राहिल्या. झोपेत, म्हणजे दार दुसरं. औषधही दुसरं. बेहड्याखालची बाई एवढा मोठा गुन्हा तेवीस वर्षं निमूट पोटात घालून बसली होती. आणखी तेवीस वर्षंही बसली असती.

"थांब," इंदुताई म्हणाल्या. "एकटी नव्हती."

रवीनं वळून पाहिलं.

"मी भाकर घेऊन गेलती. राघूंचा थवाच्या थवा कणसावर, अन् हे पोरगी मचाणावर पाय पसरून झोपलेली. मले आला राग. राग बी कसला, गंमत म्हन ना. पाखरं हाकलाचा तेलाचा डबा खाली पडला होता. मी दबक्या पायानं गेली, अन् तिच्या उशाशी डबा दणादण बडवला."

चुलीतलं लाकूड सरकलं.

"पाखरं उडाली. ते उठून बसली, माह्याकडं पाह्यलं, अन् पडली. मले वाटे डब्यानं कोणी मरते काय? म्हणून कोणाले सांगतलं नाही." त्यांनी पदर कानावर ओढला. "पण रवी, माह्या कानातून तो डबा एक दिवस गेला नाही, बाप्पा."

समीक्षानं लिहिलेलं हळूच खोडलं. 'आवाज' एवढाच शब्द लिहिला आणि कागद पालथा केला.

रवीचा चेहरा लालबुंद झाला. दरवर्षी आईचा हात धरून तो त्या झाडाखाली गेला होता. त्यानं पेला डोक्याइतका उंच उचलला. इंदुताईंनी डोळे मिटले आणि त्या वाट बघू लागल्या. तो आदळायलाच हवा होता.

बराच वेळ काही झालं नाही. त्यांनी डोळे उघडले. रवी लेकीकडे बघत होता. मग तो वाकला, दोन्ही हातांनी पेला जमिनीवर टेकवला आणि अजिबात आवाज होऊ न देता सोडून दिला.